तळ्याचा हेलकावा

शेततळ्याचा कागद विरलाय, यंदा बदलावा लागणार, एवढंच सांगायला भावाने, गोरक्षने फोन केला होता. ये, असं तो म्हणाला नव्हता. तरी ज्ञानेश्वरीने पुण्यातल्या ऑफिसात रजा टाकली, सकाळची नगरची एसटी धरली आणि उन्हं तापायच्या आत सुप्याला उतरली. भाऊ मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभा होता.

"सुट्टी काढून आलीस? कागद बघायला?" तो म्हणाला.

"कागद बघायला," ती म्हणाली आणि मागे बसली.

पारनेरच्या पठारावरची ती वाडी. डाळिंबाच्या बागेच्या वरच्या अंगाला तळं. ज्ञानेश्वरी बांधावर चढली तेव्हा तळं कोरडं ठाक पडलेलं होतं. उन्हाने पांढुरका पडलेला जुना प्लॅस्टिकचा कागद माणसं गुंडाळून वर ओढत होती. खाली उघडा मुरूम, कोपऱ्यात वाळून तडे गेलेला गाळ. एवढंसंच तर होतं हे, तिला वाटलं. आठवणीत ते केवढं तरी मोठं होतं.

ज्ञानेश्वरीचं काम तसं चारचौघांत सांगायला अवघड. समुद्रात जी बांधकामं उभी असतात किंवा तरंगत असतात, त्यांना लाटा किती हलवतील याचा अंदाज बांधायचा. त्यासाठी बांधकामाची लहान प्रतिकृती करायची, टाकीत तरंगवायची, लाटा सोडायच्या आणि मोजायचं. या कामापायी तिने परदेशातली एक टाकी पाहिली होती, क्रिकेटच्या मैदानाएवढी. छताला दिवे, काठाला संगणक, बटण दाबलं की हवी तशी लाट. तिथेही पहिल्या दिवशी तिला आठवलं ते हे तळं, आणि पलीकडच्या बांधावरून "सोडू का गं?" म्हणून ओरडणारा भाऊ.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चेन्नईच्या संस्थेत ती पीएचडी करत होती. विषय होता तरंगती पवनचक्की. खोल समुद्रात खांब रोवता येत नाही, म्हणून पवनचक्की तराफ्यावर उभी करायची आणि तराफा साखळदंडांनी तळाशी बांधून ठेवायचा. टाकीतल्या चाचण्या निम्म्यावर आल्या आणि लॉकडाऊन लागला. प्रयोगशाळेला कुलूप. मिळेल त्या शेवटच्या गाडीने ती घरी आली. बरोबर कपड्यांच्या दोन पिशव्या, लॅपटॉप आणि शर्टात गुंडाळून आणलेला तराफा. पीव्हीसी पाइपचे तीन खांब, त्यांना जोडणाऱ्या दांड्या आणि मधोमध ॲल्युमिनियमची नळी, पवनचक्कीच्या जागी.

आईने, राहीबाईने, तो कोनाड्यात समईशेजारी ठेवला. महिना गेला, दुसरा लागला. गाईड मॅडम फोनवर म्हणाल्या, चाचण्यांचं सोडून दे, नुसत्या गणितावर प्रबंध उरक. ज्ञानेश्वरी हो म्हणाली. पण तिच्या मनाला ते पटेना. कारण ज्या गोष्टीसाठी चाचण्या होत्या, तीच गणितात धड सापडत नव्हती.

एका पहाटे ती तळ्यावर गेली. वारा नव्हता. पाणी काठोकाठ, आरशासारखं. दूर सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या थांबलेल्या. गोरक्ष ड्रीपचा फिल्टर धूत होता. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती बारावीला होती आणि तो आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला. तो परत आला तो शेतातच राहिला, ती पुढे जात राहिली. त्या दोघांत भांडण असं कधी नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं.

"दादा, हे तळं मला देशील?" तिने विचारलं.

"द्यायचं म्हंजे?"

तिने सांगितलं. तो फिल्टर हातात धरून ऐकत राहिला. मग डोंगराकडे बघून म्हणाला, "ती तिकडची चक्की समुद्रात तरंगवायची? अन् ती उलथू नये म्हनून आधी आपल्या तळ्यात बघायचं?"

"उलथण्याचं नाही. दोर तुटण्याचं."

"लाटा कुठनं आननार?"

"त्याच करायच्यात."

गोरक्षने फिल्टर बसवला, हात पुसले. "रशीदला इचारू," तो म्हणाला.

रशीद शेख हा गोरक्षचा आयटीआयमधला दोस्त. पारनेरला त्याचं गॅरेज होतं, पण शटर खाली पडून महिना झालेला आणि हाताला काम नसल्याने माणूस कावलेला. तो शेतातल्या वाटांनी मोटरसायकल काढून आला, तोंडाला गमछा बांधून. बांधावर लांब बसून त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, पुढं-मागं हलनारी फळी पायजे ना? वायपरची मोटर लावू. भंगारातल्या टेम्पोच्या पडल्यात माझ्याकडं."

"मला दोन लागतील रशीदभाई. एक जरा जलद, एक जरा सावकाश."

"दोन कशाला?"

मग ज्ञानेश्वरीने मातीत काडीने रेघा ओढल्या. समुद्रात लाटा एकसारख्या येत नाहीत, ती म्हणाली. चार मोठ्या येतात, मग पाणी जरा निवतं, पुन्हा चार मोठ्या. दोन फळ्या थोड्या वेगळ्या चालीने हलवल्या की तसंच होतं. कधी दोघींच्या लाटा मिळून मोठ्या होतात, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. प्रत्येक लाटेबरोबर तराफा डुलतो, ते सोपं आहे. लाट दुप्पट, तर डुलणं दुप्पट. पण मोठ्या लाटांचा घोळका आला की तो तराफ्याला हळूच मागे रेटतो, आणि घोळका सरला की दोर त्याला ओढून पुढे आणतात. हा संथ हेलकावा. रेटा बारीकसाच असतो, पण लाट दुप्पट केली तर तो चौपट होतो. आणि घोळक्यांची लय तराफ्याच्या स्वतःच्या लयीला जुळली की तराफा लांब लांब जायला लागतो. दोर तुटतात ते तेव्हा.

राहीबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हंजे झोक्यावानी. बारीक धक्का, पर येळेवर."

"तस्संच, आई."

पुढचे दिवस कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. रशीदने मोटरी आणल्या, ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडल्या. गोरक्षने जुन्या अँगलची चौकट वेल्डिंग करून बांधाच्या कडेला उभी केली आणि बिजागऱ्यांवर प्लायवूडच्या फळ्या टांगल्या. तराफा बांधायला मऊ स्प्रिंगा हव्या होत्या. राहीबाईने कुरकुरत खिडक्यांचे पडदे उतरवले आणि आतल्या लांब स्प्रिंगा काढून दिल्या. त्यांना तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा बांधून चार बाजूंच्या खुंट्यांशी तराफा अडकवला. समोरच्या उतारावर आपटून लाटा परत येऊ नयेत म्हणून तिथे काहीतरी पसरायला हवं होतं. ज्ञानेश्वरी म्हणाली, बागेच्या छाटणीच्या फांद्या टाकू.

"काटं हायेत त्याला!" गोरक्ष केवढ्यांदा ओरडला. "कागद फाटला तर पानी काय तुझ्या चेन्नईहून आनायचं?"

शेवटी शेडनेटच्या घड्या करून अंथरल्या.

पवनचक्कीच्या नळीवर ज्ञानेश्वरीच्या टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली. बांबूला मोबाईल बांधून चित्रण करायचं आणि मग लॅपटॉपवर टिकली कुठून कुठे गेली ते बघायचं. वारा सुटायच्या आत सगळं उरकावं लागे, म्हणून तिघंही झुंजूमुंजूला बांधावर हजर. एका बांधावर ती मोबाईलपाशी, समोर गोरक्ष बटणापाशी.

"सोडू का गं?"

"सोड!"

फळ्या खडखडत, पाण्यावर सुरकुत्या धावत आणि तराफा डुलायला लागे. गोरक्ष लाटांचे घोळके बघण्यात असा रंगून जाई की बटण बंद करायचं विसरे. आयटीआयमध्ये असताना मोटरीची गुंडाळी भरायला त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता, हे तिला रशीदकडून त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. बहीण-भाऊ एकाच ताटलीतून कांदा-भाकरी खात बांधावर बसत. तो तिला बागेतलं सांगे, ती त्याला चेन्नईचं. इतक्या वर्षांचं साठलेलं.

आणि एका सकाळी तराफा निघाला. जलद फळीच्या मोटरीचं व्होल्टेज रशीदने जरासं कमी केलं होतं. घोळके संथ झाले. तराफा हळूहळू मागे सरला, थांबला, पुढे आला, पुन्हा मागे, दर खेपेला थोडा जास्त. लाटा वीतभरही नव्हत्या आणि तराफा हातभर मागे-पुढे जात होता. तंगूस ताणून सतारीच्या तारेसारखी दिसायला लागली.

"दावं तोडाया निघालं की तुझं जनावर!" गोरक्ष ओरडला. रशीदने बॅटरीची वायर ओढली. ज्ञानेश्वरीने चित्रण थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावलं. तिला हसू येत होतं आणि डोळे भरून आले होते.

दुपारी तिने आलेख गाईड मॅडमना पाठवला. संध्याकाळी फोन आला. मॅडमनी आधी तोंडभर कौतुक केलं, मग एकच प्रश्न विचारला. तळ्याचं पाणी आपलं आपण हिंदकळत नाही ना?

हे ज्ञानेश्वरीने तपासलंच नव्हतं. परात उचलून चाललं की पाणी या काठावरून त्या काठावर जातं, तसं तळ्यालाही स्वतःचं हिंदकळणं असतं. अगदी संथ, डोळ्यांना न दिसणारं. त्याची लय आणि घोळक्यांची लय एक असली तर पाणीच तराफ्याला घेऊन फिरणार. मग तराफ्याने स्वतः असं काहीच केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तळ्याच्या कडेला खुंटीशी बांधून एक पाइप पाण्यात उभा केला, बुडाशी बारीक भोक पाडून. भोकातून पाणी सावकाश आत-बाहेर होई, त्यामुळे लहान लाटा आत येत नसत. आत थर्माकोलचा तुकडा आणि त्यावर खराट्याची काडी. तराफा बाहेर काढला, नुसत्या फळ्या चालवल्या. काडी हळूच वर आली, खाली गेली, वर आली. तळं हिंदकळत होतं. त्याची लय तराफ्याच्या लयीच्या इतकी जवळ होती की दोन्ही वेगळ्या करता येईनात.

"मला अजून चार दिवस हवेत दादा," ती म्हणाली. "पाणी आहे याच पातळीला राहू दे."

डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याचा बहार धरलेला होता, फळं पोसायला लागली होती. तिच्यासाठी गोरक्षने आधीच पाणी आखडतं घेतलं होतं. तो मान हलवून गेला. पण ऊन वाढलं आणि पाचव्या दिवशी ती पाइपपाशी ओणवी होऊन काडी बघत असताना पाठीमागे बागेला पाणी देणारी मोटर सुरू झाली.

"दादा, बंद कर! सगळं मोजमाप गेलं!" ती बांधावरून पळत गेली.

गोरक्षने खिशातून एक डाळिंब काढून तिच्यासमोर धरलं. कोवळं फळ, मधोमध तडकलेलं. "पानी तोडून तोडून दिलं की असं व्हतं. तुझ्या लाटांनी झाडाची तहान भागती का?"

"तू कबूल केलं होतंस."

"केलं हुतं. चार दिसांचं कबूल केलं हुतं."

"तुला कधी कळलंच नाही मी काय करते ते!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. गोरक्ष आवाज न चढवता म्हणाला, "कुठनं कळनार? तू शिकत हुतीस तवा मी ह्या मोटरीपाशी हुतो."

मोटर चालूच राहिली. ती घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. राहीबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. मग म्हणाली, "दोघं बी खरं बोलतायसा. पर पानी येकच हाय."

दिवस कलल्यावर ज्ञानेश्वरी पुन्हा तळ्यावर गेली. भाऊ दिसेल, माफी मागावी, असं मनात होतं. तो नव्हता. पाणी उतरलं होतं आणि कागदावर ओला काळा पट्टा उरला होता, हातभर रुंद. ती त्या पट्ट्याकडे बघत बसली. सवयीने तिने पाइपातल्या काडीला बोट लावून नवी पातळी पाहिली, आणि बोट तसंच राहिलं.

तळ्याच्या हिंदकळण्याची लय पाण्याच्या खोलीवर असते. पाणी उतरलं की ती संथ होते. तराफ्याची लय असते त्याच्या वजनावर आणि पडद्यांच्या स्प्रिंगांवर. पाणी उतरो की चढो, तिला त्याचं काही नाही. म्हणजे पाणी जसजसं कमी होईल तसतशा दोन्ही लयी एकमेकींपासून सुटत जातील. तराफ्याचा हेलकावा तळ्याबरोबर संथ होत गेला, तर तो तळ्याचा. मूळ लयीतच राहिला, तर तराफ्याचा स्वतःचा.

पातळी धरून ठेवण्यात ती चूक करत होती.

सकाळी गोरक्ष गोठ्यात धार काढत होता. ती दाराशी उभी राहिली. "दादा, मोटर चालू कर. रोज कर."

त्याला वाटलं ती टोमणा मारतेय. त्याने मानही वर केली नाही.

"अरे खरंच. मला पाणी उतरायलाच हवंय." ती शेजारी उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं, घाईघाईने, दोन्ही हात हलवत. त्याचं धार काढणं थांबलं.

"म्हंजे मी बाग भिजवतो, तेच तुझं मोजमाप?"

"हो. आणि दादा, काल मी जे बोलले..."

"ती चरवी धर," तो म्हणाला. "सांडंल." पण त्याला हसू फुटलं होतं.

मग तसंच सुरू झालं. पहाटे मोजायचं, ऊन चढायच्या आत मोटर. दुसऱ्या दिवशी पाणी खाली, तराफ्याचे दोर पुन्हा बांधायचे, पुन्हा मोजायचं. आधी तराफा हाताने ओढून सोडून द्यायचा आणि त्याचे हेलकावे मोजायचे, मग लाटा. काडीची लय दिवसेंदिवस संथ होत गेली. तराफा मात्र आपल्या लयीला चिकटून राहिला. घोळके त्याच्या लयीचे सोडले की निघायचाच.

पण पहिल्याइतका लांब जात नव्हता. हातभराचा हेलकावा वीतभरावर आला. त्या पहिल्या सकाळी तळ्याने त्याला मदत केली होती. ज्ञानेश्वरीने आकडे पुन्हा पुन्हा तपासले, मग लॅपटॉप मिटला. तिचा चेहरा उतरला होता.

रशीदने विचारलं, "काय झालं ताई?"

"वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेच आहे. बाकीचं तळ्याचं होतं."

"मग वजनातनं डबा वजा केला म्हनायचं," रशीद म्हणाला. "तूप तेवढंच हाय, पर तूप हाय."

गोरक्षने दोघांकडे पाहिलं. "जेवढं हाय तेवढं तराफ्याचं हाय का, ते इचार."

"आहे," ती म्हणाली. "आता नक्की आहे."

तळ्यात गुडघाभर पाणी उरेपर्यंत त्यांनी मोजलं. तोवर बाग सावरली होती. पडदे त्या वर्षी दिवाळीपर्यंत खिडक्यांना नव्हते. संस्था उघडल्यावर ती चेन्नईला गेली आणि मोठ्या टाकीत तिने चाचण्या पुऱ्या केल्या. तळ्यातला वीतभर हेलकावा तिथे मापाने थोडा इकडे-तिकडे झाला, पण खोटा ठरला नाही. प्रबंधातल्या एका प्रकरणात शेततळ्याचा फोटो आहे. फोटोत कडेला गोरक्षचा अर्धा पाय आलाय. मॅडम म्हणाल्या, काप. तिने कापला नाही.

मग नोकरी, पुणे, परदेशाच्या फेऱ्या. गोरक्षचं लग्न झालं, मोनिका वहिनी आली, घरात पाळणा हलला. रशीदने गॅरेज सुप्याच्या एमआयडीसीजवळ नेलं, आता त्याला फोन उचलायला फुरसत नसते. बहीण-भावाचे फोन होत, पण बोलणं आईच्या गोळ्यांचं आणि डाळिंबाच्या भावाचं. "सोडू का गं?" म्हणावं असं काही दोघांच्या मधे उरलं नव्हतं. रुसवा नाही, राग नाही. नुसतं पाणी उतरत जावं तसं.

दुपारपर्यंत नवा कागद तळ्यात पसरला गेला. काळाभोर, चकचकीत. जोडणाऱ्या माणसांनी गरम यंत्र फिरवून शिवण पक्की केली. आता कडा बांधावरच्या चरात घालून वर माती दाबायची होती. ज्ञानेश्वरीने चपला काढल्या आणि चरात उतरली.

"अगं, मानसं हायेत की," गोरक्ष म्हणाला.

"असू दे."

तो फावड्याने माती ओढत गेला, ती पायांनी तुडवत गेली. पहिला कोपरा जवळ आला. मग त्याने विचारलं, "ती समुद्रातली चक्की झाली का गं शेवटी?"

"बाहेरच्या देशांत झाल्या आहेत थोड्या. आपल्याकडे अजून नाही."

"तू केलेली?"

"एकीच्या दोरांचं गणित मी केलंय. उभी राहिलीय. गेल्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं तिथे, टिकली."

गोरक्ष फावड्यावर रेलला. "मग हे सांगायला फोन करावा न्हाई का? भाव काय चाललाय ते मला बाजारात बी कळतंय."

ती तुडवायची थांबली. "तुला ऐकायला आवडेल असं वाटलं नाही दादा."

"लई आवडंल," तो म्हणाला आणि पुन्हा माती ओढायला लागला. "सांग. कितीक लांब गेली हुती ती, वादळात?"

ज्ञानेश्वरी सांगायला लागली. लाटा केवढ्या होत्या, दोर कसा, किती ताणला गेला, आकडा आला तेव्हा ऑफिसात कोण कोण जमलं होतं. तो मधेच थांबवून विचारी, ती पुन्हा पहिल्यापासून सांगे. एक बाजू संपली, दुसरी सुरू झाली. खालून मोनिका वहिनीने जेवायला हाक मारली, ती दोघांनीही ऐकली नाही. परतीची गाडी संध्याकाळची होती. ज्ञानेश्वरीने मातीचे हात ओढणीला पुसले, मोबाईल काढला आणि उद्याच्या गाडीचं बघायला घेतलं. मग तेही राहू दिलं आणि मोबाईल चपलांशेजारी ठेवून तिने गोरक्षच्या मागोमाग चरातली माती दाबायला घेतली.